घुसखोर गुरू

पूर्व लडाखमध्ये पांगाँग त्सो नावाचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. लांबी सुमारे १३४ किलोमीटर, समुद्रसपाटीपासून उंची चौदा हजार फुटांच्या आसपास. त्याचा साधारण एक तृतीयांश भाग आपल्याकडे, बाकीचा चीनकडे. मधून प्रत्यक्ष नियंत्रण रेषा जाते असे म्हणायचे, कारण पाण्यावर ती कोणी आखलेली नाही आणि नेमकी कुठून जाते यावर दोन्ही देशांचे एकमत नाही. हिवाळ्यात सरोवर गोठते. खारे पाणीही गोठते, त्यावरून थंडीचा अंदाज करावा.

२०१२च्या ऑगस्टपासून या भागातल्या चौक्यांवरून वर एकाच प्रकारचे निरोप जाऊ लागले. चीनच्या बाजूच्या डोंगरामागून पिवळसर उजेडाचा गोळा वर येतो. आवाज नाही. काही तास आकाशातून संथ सरकत राहतो आणि मग दिसेनासा होतो. लष्कराच्या जवानांनी तो पाहिला, इंडो-तिबेट सीमा पोलिसांनीही पाहिला. पहिला संशय गेला तो चिनी ड्रोनवर, आणि तो रास्तच होता. डोंगरावर फिरते रडार नेले गेले, रेडिओलहरी टिपणारे यंत्र लावले गेले. डोळ्यांना लख्ख दिसणारी वस्तू रडारला मात्र दिसेना. तिच्याकडून कसलाही संदेश येत नव्हता, तिच्याकडे कसलाही जात नव्हता. टेहळणीचे एक ड्रोन त्या दिशेने सोडून पाहिले. ते त्याच्या ताकदीइतके वर गेले, पण त्या उजेडाला काही गाठू शकले नाही. नोव्हेंबरमध्ये बातमी बाहेर फुटली आणि मग काय, उडत्या तबकड्या थेट आपल्या दिवाणखान्यात उतरल्या.

चौक्यांवरचे लोक मात्र दिवाणखान्यात बसलेले नव्हते. ते लिहीत होते. फेब्रुवारी २०१३पर्यंत त्यांच्याकडे ३२९ नोंदी जमल्या. त्यांतल्या १५५ वेळा त्या वस्तूने नियंत्रण रेषा ओलांडून आपल्या हद्दीत प्रवेश केला, असे त्यांचे म्हणणे होते.

हे प्रकरण शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेले. लडाखमध्येच हानले येथे या संस्थेची वेधशाळा आहे, त्यामुळे तिथले आकाश या मंडळींना अंगणासारखे परिचयाचे. तुषार प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा प्रश्न साधा होता : ही वस्तू पृथ्वीवरची की आकाशातली? उत्तर काढण्याची रीतही जुनीच होती. वस्तू कुठल्या दिशेला आहे, क्षितिजापासून किती अंश वर आहे, त्या क्षणी घड्याळात किती वाजले आहेत आणि आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भात ती कुठे आहे, एवढे मोजायचे. दिगंश, उन्नतांश आणि वेळ. पंचांगकर्त्याला आणि जहाजावरच्या खलाशाला शेकडो वर्षे पुरलेली सामग्री तीच.

मोजमापे हाती आल्यावर वस्तू दोन निघाल्या. संध्याकाळी उगवून रात्रभर दिसणारी एक आणि पहाटे उगवून दिवस वर येईपर्यंत टिकणारी दुसरी. पहिली गुरू, दुसरी शुक्र.

जुलै २०१३मध्ये हे छापून आले तेव्हा देशभर लोक हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. पण नंतर त्या वर्षाची ग्रहस्थिती काढून बसलो आणि हसू हळूहळू ओसरले. १५ ऑगस्ट २०१२ला शुक्र पहाटेच्या आकाशात सूर्यापासून जास्तीत जास्त दूर होता, म्हणजे अंधारात बराच वेळ दिसत होता. गुरू त्याच सुमारास मध्यरात्रीनंतर उगवत होता. ३ डिसेंबरला गुरू प्रतियुतीत आला. सूर्य मावळायला आणि तो उगवायला एकच गाठ पडावी अशी ती वेळ, आणि तेव्हाच तो सर्वांत तेजस्वी असतो. मार्च २०१३च्या अखेरीस शुक्र सूर्याच्या पलीकडे गेला, म्हणजे फेब्रुवारीतच तो पहाटेच्या उजेडात बुडू लागला असणार. ऑगस्ट ते फेब्रुवारी हा नोंदींचा काळ आणि हे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही ग्रह उगवतात पूर्वेला, आणि पांगाँगच्या चौकीवरून पूर्व म्हणजे चीन.

आता ३२९ या आकड्याकडे पुन्हा बघू. तो ऐकला की आकाशात ३२९ वस्तू असल्याचा भास होतो. पण पहाऱ्याच्या वहीत दर रात्रीची नोंद नवी असते. एकच ग्रह शंभर रात्री दिसला तर शंभर नोंदी. दोन चौक्यांनी पाहिला तर दोनशे. संतरी दर दोन-तीन तासांनी बदलतो आणि तुकड्याही काही महिन्यांनी बदलतात. ताऱ्यांचा आणि गुरूचा उदय रोज साधारण चार मिनिटे अलीकडे सरकतो, महिन्याला दोन तास. ही सरक ओळखायची तर एकाच माणसाने एकाच जागेवरून सलग काही आठवडे बघायला हवे. लष्कराच्या पहाऱ्याची रचना नेमकी याच्या उलट आहे, आणि तिच्या कामासाठी ती तशीच असायला हवी.

आणि ती १५५ वेळची घुसखोरी? पूर्वेच्या डोंगरावर उगवलेला ग्रह रात्र सरेल तसा डोक्यावर येतो, मग पश्चिमेला कलतो. खालून बघणाऱ्याच्या हिशेबाने तो चीनमधून निघून भारतात आला. गुरू हे काम रोज करीत होता. अजूनही करतो.

या पुस्तकाचा विषय पांगाँग नाही, पण पांगाँगमुळे मला हा विषय सुचला. रात्रीच्या आकाशात उजेड दिसतो, बघणाऱ्याच्या खांद्यावर बंदूक असते, आणि मग एक चौकशी सुरू होते. अशा चौकशांचा गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांतला इतिहास पुढच्या पानांत आहे. परग्रहवासी पृथ्वीवर येतात की नाही या वादात मी पडलेलो नाही. त्या वादावर पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी एकमेकांची पाने उचलून लिहिलेली आहेत. मला कुतूहल आहे ते चौकशी करणाऱ्यांचे. काय मोजले, काय मोजायचे राहिले, कोणाला विचारले, काय लपवले.

रात्री एकटा उजेड दिसला की माणूस काय करतो, हे मी लहानपणी आजोळी पाहिले आहे. आमचे आजोळ कोकणात, राजापूरच्या बाजूला. अमावास्येच्या सुमारास पलीकडच्या डोंगरावरून दिवे सरकताना दिसले की आजी आम्हांला आत घ्यायची आणि दार लावायची. वेताळाची पालखी निघाली आहे, बघायचे नाही. ते दिवे बहुधा खेकडे धरायला निघालेल्यांच्या चुडी असाव्यात. पण आजीने दार लावले ते शहाणपणानेच, असे मला आता वाटते. वेताळ असेल तर दार लावलेले बरे आणि नसेल तर दार लावल्याने काही बिघडत नाही.

संतऱ्याचा हिशेबही हाच असतो. ग्रहाला ड्रोन समजले तर एक रात्र जागरण आणि एक फाइल. ड्रोनला ग्रह समजले तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून त्याला शिकवले जाते ते पहिली चूक करायला. चुशूल आणि रेझांग ला पांगाँगपासून फार लांब नाहीत. १८ नोव्हेंबर १९६२ला चिनी सैन्याशी झालेली लढाई तिथे कोणी विसरलेले नाही. गुरू-शुक्राचा उलगडा छापून येण्याच्या काही महिने आधी, एप्रिल २०१३मध्ये, लडाखमध्येच देपसांगला चिनी तुकडीने तंबू ठोकले होते आणि ते उठायला तीन आठवडे लागले. अशा जागी उभा असलेला माणूस आकाशातल्या दिव्याकडे संशयाने बघणार नाही तर कोण बघणार?

दुसऱ्या चुकीचे उदाहरण हवाईमधले आहे. ७ डिसेंबर १९४१ची सकाळ. ओआहू बेटावरच्या ओपाना येथील रडारवर दोन जवानांना सात वाजून गेल्यावर मोठा ठिपका दिसला. त्यांनी फोन केला. माहिती केंद्रात कर्मिट टायलर नावाचा तरुण अधिकारी होता, त्या कामाला नवखा. अमेरिकेहून आपली बी-१७ विमाने त्या सकाळी यायची होती हे त्याला ठाऊक होते. काळजी करू नका, असे त्याने सांगितले. ठिपका जपानी विमानांचा होता आणि तासाभरात पर्ल हार्बर जळत होते.

अडीच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १९४२च्या रात्री, लॉस एंजेलिस. आदल्या दिवशी एका जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एलवूड येथे तोफगोळे टाकले होते, त्यामुळे सगळे शहर कानांत प्राण आणून बसलेले. मध्यरात्रीनंतर भोंगे वाजले, दिवे गेले, सर्चलाइट फिरू लागले आणि विमानवेधी तोफांनी आकाशात चौदाशेहून अधिक गोळे उडवले. एकही विमान पडले नाही, कारण एकही विमान नव्हते. माणसे मात्र मेली, कोणी अंधारातल्या मोटार अपघातात, कोणी हृदय बंद पडून. दुसऱ्या दिवशी नौदलाचे मंत्री फ्रँक नॉक्स म्हणाले की ती खोटी धास्ती होती, तर युद्धमंत्री हेन्री स्टिमसन म्हणाले की पंधरापर्यंत विमाने असू शकतील. एकाच सरकारचे दोन मंत्री! पुढे हवाई दलाच्या इतिहासकारांनी दोष हवामानाच्या फुग्यांवर ठेवला. एकदा गोळीबार सुरू झाला की फुटणाऱ्या गोळ्यांचा धूर सर्चलाइटमध्ये चमकतो आणि तोच लक्ष्य बनतो, हे वेगळे सांगायला नको.

पर्ल हार्बर आणि लॉस एंजेलिस ही दोन्ही प्रकरणे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय या विषयाला हात घालू नये, असे माझे मत आहे. एकावर हसणारा दुसऱ्यावर रडलेला असतो.

डोळ्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. अंधारात एकटा ठिपका टक लावून बघितला, आसपास झाड, खांब, डोंगराची कड असे काही नसले, तर तो काही वेळाने हलू लागतो. आधी थरथरतो, मग सरकतो, कधी झोकांड्या खातो. हलत काहीच नसते. डोळ्याला टेकायला आधार नसल्याने मेंदूची अशी फसगत होते. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारखा कसलेला निरीक्षक १७९९मध्ये टेनेरीफ बेटावरच्या पर्वतावर चढताना या भासाला फसला. तारे झुलताना दिसतात असे त्याने लिहिले आणि त्याला ती ताऱ्यांचीच करामत वाटली. दोष डोळ्यांचा आहे हे कळायला आणखी जवळजवळ साठ वर्षे लागली. दुसरी फसवणूक आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसले की चांदोबा गाडीबरोबर धावतो. खूप दूरची वस्तू आपण हललो तरी जागची हलत नाही, म्हणून ती पाठलाग करते असे वाटते. विमानातल्या वैमानिकाचा असा पाठलाग शुक्राने कितीतरी वेळा केला आहे. एसटीतल्या पोराला निदान शेजारी आई असते सांगायला.

लष्करी चौकशांचा मोठा दप्तरखाना अर्थातच अमेरिकेत आहे. पण त्याच्या आधीचे एक प्रकरण मला जास्त आवडते, ते स्वीडनचे. १९४६च्या उन्हाळ्यात स्वीडनवरून रॉकेटसारख्या वस्तू जाताना दिसल्याच्या दोन हजारांच्या आसपास तक्रारी आल्या. लोकांनी त्यांना भुताटकीची रॉकेटे म्हटले. युद्ध नुकतेच संपले होते, पेनेम्युंडे येथील जर्मनांचे रॉकेट केंद्र रशियाच्या हाती गेले होते, तेव्हा रशिया आपल्यावरून रॉकेटे उडवून बघतो आहे ही शंका अगदी शहाण्यासारखी होती. वस्तू तळ्यात पडल्याचे सांगितले गेले तिथे स्वीडिश लष्कराने पाण्यात उतरून शोध घेतला. रॉकेटचा तुकडा काही हाती लागला नाही. त्या नोंदींतला मोठा वाटा उल्कांचा होता आणि ऑगस्टमध्ये ययातीच्या उल्कावर्षावाचा हंगाम असतो हेही खरे. पण मला कौतुक वाटते ते तळ्याचा तळ चाळून पाहणाऱ्या जवानांचे. उत्तर नकारार्थी आले, तरी ते पाण्यात हात घालून आलेले होते.

पुढल्याच वर्षी, २४ जून १९४७ला, केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर बशी भिरकावावी तशी त्यांची चाल होती असे तो म्हणाला. बातमीदारांनी चालीचे वर्णन आकाराला चिकटवले आणि उडत्या तबकड्या जन्माला आल्या. पुढे ज्यांनी ज्यांनी आकाशात काही पाहिले त्यांना तबकड्याच दिसल्या. त्याआधी कोणाला का दिसत नव्हत्या, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

अमेरिकी हवाई दलाने १९४८मध्ये चौकशीला ‘प्रोजेक्ट साइन’ नाव दिले, १९४९मध्ये ते ‘ग्रज’ झाले आणि १९५२मध्ये ‘ब्लू बुक’. कचेरी ओहायो राज्यातल्या राइट-पॅटरसन तळावर. ब्लू बुकचा पहिला प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट हा नीटनेटका माणूस होता. त्याने तबकडी हा शब्द बाजूला ठेवून ‘अनोळखी उडती वस्तू’ अशा अर्थाचे यूएफओ हे नाव रूढ केले. साक्षीदारांसाठी ठरावीक प्रश्नपत्रिका त्याच्याच काळात आली. त्याच वर्षीच्या जुलैत राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळावरच्या रडारवर दोन शनिवार-रविवार ओळीने अनोळखी ठिपके दिसले आणि जेट विमाने धावली. २९ जुलैला मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांना पत्रकार परिषद घ्यावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर पेंटागॉनमध्ये एवढी मोठी पत्रकार परिषद झाली नव्हती. जमिनीलगत थंड आणि वर गरम हवेचा थर असला की रडारच्या लहरी वाकतात आणि खालच्या वस्तू वर दिसतात, असे स्पष्टीकरण दिले गेले. अनेकांना ते पटले, त्या रात्री रडारसमोर बसलेल्या काहींना पटले नाही.

मग एक वळण आले आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. जानेवारी १९५३मध्ये गुप्तहेर संघटना सीआयएने शास्त्रज्ञांची एक समिती बसवली. अध्यक्ष एच. पी. रॉबर्टसन, सदस्यांत पुढे नोबेल मिळालेले लुईस आल्व्हारेझ. समिती जेमतेम चार दिवस बसली. तबकड्यांपासून धोका नाही, पण तबकड्यांच्या तक्रारींपासून आहे, असा तिचा सूर होता. तक्रारींच्या पुरात हवाई दलाच्या दळणवळणाच्या तारा तुंबल्या आणि नेमक्या त्याच वेळी शत्रूने हल्ला केला तर? म्हणून लोकांच्या मनातले या गोष्टींचे वलय उतरवावे, अशी शिफारस झाली. वस्तू काय होती हा प्रश्न इथे मागे पडला. लोकांना गप्प कसे करावे हा पुढे आला. चौकशी करणाऱ्याच्या हाती एकदा हे दुसरे काम दिले की पहिल्या कामावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ब्लू बुकचे पुढे तेच झाले.

यात भर पडली ती सरकारच्या स्वतःच्या गुपितांची. ऑगस्ट १९५५मध्ये यू-२ हे टेहळणी विमान पहिल्यांदा उडाले. ते साठ हजार फुटांहून वर जाई. प्रवासी विमाने त्या काळी वीस हजार फुटांच्या आत-बाहेर उडत. संध्याकाळी खालच्या वैमानिकाकडे अंधार झालेला असे आणि त्याच्या डोक्यावर खूप उंच उडणाऱ्या यू-२च्या चंदेरी पंखांवर सूर्य अजून मावळलेला नसे. वैमानिकाला दिसे तो अशक्य उंचीवरचा झगझगीत ठिपका. तो खरेच दिसलेला असे. ब्लू बुकचे लोक अशी तक्रार आली की सीआयएकडे गुपचूप पडताळणी करीत, उत्तर मिळे, पण ते तक्रारदाराला सांगता येत नसे. मग काहीतरी वेगळे सांगायचे, हवामान, बर्फाचे स्फटिक, असे. खरे बोलणाऱ्या माणसाला खोटे उत्तर देणाऱ्या कचेरीबद्दल पुढच्या दोन पिढ्यांनी कटकारस्थानांच्या कथा रचल्या, यात नवल ते काय?

ॲलन हायनेक हा ओहायोचा खगोलशास्त्रज्ञ साइनपासून हवाई दलाचा सल्लागार. त्याचे काम सुरुवातीला पांगाँगवर आपल्या शास्त्रज्ञांनी केले तेच होते : तक्रारींतून ग्रह, तारे, उल्का वेगळ्या काढणे. मार्च १९६६मध्ये मिशिगनमध्ये दलदलीवर दिवे दिसले. हायनेकने पत्रकारांना सांगितले की काही नोंदींमागे दलदलीतला वायू असू शकेल. त्या दोन शब्दांनी त्याची देशभर टिंगल झाली. मिशिगनचे प्रतिनिधी जेरल्ड फोर्ड, पुढे अध्यक्ष झालेले, यांनी संसदीय सुनावणीची मागणी केली. हायनेकला नंतर वाटू लागले की आपण उत्तरे फार घाईने वाटली. उरलेले आयुष्य त्याने न उलगडलेल्या नोंदींसाठी दिले. त्याच्या नंतरच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, पण वयाच्या पन्नाशीनंतर स्वतःच्या जुन्या उत्तरांवर लाल शाई फिरवायला धैर्य लागते.

या गदारोळानंतर हवाई दलाने हे प्रकरण अभ्यासासाठी बाहेर सोपवले. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्या देखरेखीखाली कोलोरॅडो विद्यापीठाने केलेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष आला की यातून विज्ञानाच्या हाती फारसे काही लागणार नाही. डिसेंबर १९६९मध्ये ब्लू बुक बंद झाले. एकूण नोंदी १२,६१८. अनोळखी राहिल्या ७०१.

या ७०१ वर आजवर ग्रंथ लिहिले गेले. मला त्या आकड्याचे गूढ वाटत नाही. ‘अनोळखी’ हा शब्द कागदावर असतो, आकाशात नसतो. दिशा लिहिलेली नाही, वेळ अदमासे दिली आहे, साक्षीदार एकच, चौकशी तीन आठवड्यांनी, अशा फाइलीतली चंद्राची कोरसुद्धा अनोळखीच राहील. उलट पांगाँगच्या ३२९ नोंदी शून्यावर आल्या, कारण कोणीतरी थंडीत उभे राहून अंश आणि मिनिटे मोजली. ७०१ मध्ये काही खरोखर विलक्षण असेल का? असेलही. पण ते आता त्या कागदांतून निघणार नाही.

अलीकडच्या गोष्टी मी पुस्तकात थोडक्यात उरकल्या आहेत, कारण त्यांची शाई अजून ओली आहे. एक मात्र सांगतो. ४ फेब्रुवारी २०२३ला अमेरिकेने साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ चिनी फुगा पाडला. त्यानंतर रडारची गाळणी सैल केली गेली, म्हणजे एरवी संथ आणि लहान म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या वस्तूही दाखवायला यंत्राला सांगितले. आठवड्याभरात अलास्का, युकॉन आणि ह्युरॉन सरोवर अशा तीन ठिकाणी तीन वस्तू पाडल्या गेल्या. त्या खासगी किंवा संशोधनाच्या फुग्यांसारख्या काही असाव्यात, असे अध्यक्ष बायडेन यांनी मग सांगितले. आकाश तेच होते, बदलली होती ती चाळणी. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ला इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली, विमाने खोळंबली आणि हवाई दलाने राफेल पाठवले. वैमानिकांना काही सापडले नाही. विमान ताशी शेकडो किलोमीटरने जाते आणि तोवर वस्तू असो वा नसो, जागची गेलेली असते. तेव्हा राफेल हे चौकशीचे साधन म्हणून थोडे महागच.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये म्हणून शेवटी आपल्या दारातले सांगतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणारे लाल-पिवळे पट्टे पाहिले. मोबाइल निघाले, चित्रफिती पसरल्या. उल्का, क्षेपणास्त्र, विमान, पाडव्याला आलेले देवाचे रथ, सगळे तर्क झाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात मात्र तर्काची गरज उरली नाही, कारण तिथे तीनेक मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. अवकाशातल्या कचऱ्याचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा चीनच्या चांग झेंग जातीच्या रॉकेटचा, फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेला, तिसरा टप्पा असावा असे सांगितले. इस्रोची माणसे गावात येऊन गेली. म्हणजे पांगाँगला चिनी वाटलेला दिवा गुरू निघाला आणि पाडव्याला देवाघरचा वाटलेला दिवा चिनी निघाला.

लाडबोरीचे कडे पडले नसते तर त्या संध्याकाळचे काय झाले असते? चित्रफिती होत्या, पण बहुतेकांत दिशा कळत नाही, चित्रण कुठल्या गावातून झाले ते सांगितलेले नाही, वेळ फोनवर आहे ती चित्रण पुढे पाठवल्याची. हजारो साक्षीदार आणि मोजमाप जवळजवळ नाही. पांगाँगच्या जवानांकडे साधने याहून कमी होती.

म्हणून वाचकाला एक विनंती. या पुस्तकाची शेवटची आठ पाने कोरी आहेत, छपाईची चूक समजून परत पाठवू नयेत. त्यांवर रकाने आखून दिले आहेत : तारीख, घड्याळातली वेळ, आपण उभे असलेली जागा, दिशा, क्षितिजापासूनची उंची, शेजारी ओळखीचा तारा कुठला. उंचीसाठी यंत्र नको. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत मोजावे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजावे. ‘काय वाटले’ हा रकानाही आहे, पण तो मुद्दाम सर्वांत शेवटी आणि सर्वांत अरुंद ठेवला आहे.